चौकटीबाहेरचा आवाज

५ तारीख, बुधवार

भिंगरे,

हाताने पत्र लिहून त्याचा मोबाइलवर फोटो काढून पाठवतोय, याचं तुला हसू येईल. येऊ दे. टपालाने पाठवलं तर पोचेपर्यंत मजकूर शिळा होईल, आणि मोबाइलवर टाइप करायचं म्हटलं तर माझ्या अंगठ्याला जोडाक्षरं सापडत नाहीत. तुला फोन करणार नाही, असं मी तुझ्या आईला वचन दिलं आहे. पत्राचं नाव तिने काढलं नव्हतं. मीही आठवण करून दिली नाही.

आधी मुद्द्याचं सांगतो. आईच्या घशात गाठ निघाली आहे. बरेच दिवस आवाज बसला होता आणि आम्ही आपले मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करत राहिलो. मग तपासण्या झाल्या. स्वरयंत्र काढावं लागणार आहे. घशाचे डॉक्टर म्हणजे भला माणूस, कागदावर चित्र काढून समजावतात. म्हणाले, जिवाचं भय टळेल अशी चांगली आशा आहे, श्वास गळ्यातल्या छिद्रातून घ्यावा लागेल, बोलण्याचेही पुढेमागे काही उपाय आहेत. "पण हा आवाज राहणार नाही." ऑपरेशन पुढच्या गुरुवारी.

तुला कळवायचं नाही, अशी तिची सक्त ताकीद. "कीव येऊन आलेली लेक नको मला," म्हणाली. तेव्हा तू हे वाचून गप्प बसलीस तरी मी तुला बोल लावणार नाही. मला एक तांत्रिक शंका विचारायची आहे, ती शेवटी विचारतो.

माझं म्हणणं एवढंच की तो आवाज कुठेतरी राहायला हवा. सगळी नोकरी तिने बसस्थानकावर गाड्या पुकारल्या. तिचं ऐकून धावत सुटला नाही असा माणूस या शहरात शोधून सापडायचा नाही, आणि घरात मात्र त्या आवाजाचा एक तुकडा नाही. शाळेत आम्हाला कविता असायच्या, त्यांतली कोकिळा कायम पानांच्या आड. दिसायची कुणालाच नाही, कवी आपला झाडाखाली मान वर करून उभा. मीही तसाच फलाटावर उभा होतो, वर काचेच्या खोलीकडे बघत. माझी गाडी तिनेच पुकारली, आणि ती मी उभ्या उभ्या जाऊ दिली. हे तू इतक्यांदा ऐकलं आहेस की आता डोळे फिरवत असशील. फिरव.

तर परवा आरशासमोर उभी राहून ती म्हणाली, "गळ्याला भोक पडायच्या आत माझा एक नीट फोटो काढा. मोबाइलवरचा नको, त्यात मी उकडल्यासारखी दिसते." आंधळा मागतो एक डोळा, तशी माझी गत झाली. कॅमेरा आणायचाच तर फोटोही काढेल आणि बोलतं चित्रही घेईल असा आणावा, असं मनाशी ठरवलं. फोटोचं तिला ठाऊक, बोलत्या चित्राचं फक्त मला. कारण आवाज भरून घेऊ देतेस का, असं विचारलं असतं तर ती काय म्हणाली असती, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत असणार.

चष्म्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर कॅमेरे भाड्याने मिळतात. चालवणारी एक तरुण बाई आहे, केस आखूड, गळ्यात कानाला लावायचे ते डबे. मला बघून म्हणाली, "कशासाठी हवाय आजोबा? लग्न आहे का?"

"लग्न झालंय माझं."

"मग?"

"त्याच लग्नातल्या बायकोचे फोटो काढायचेत."

हसली आणि आतून एक काळा, भारदस्त कॅमेरा घेऊन आली. फुल-फ्रेम म्हणतात त्याला. मी विचारलं, फुल म्हणजे काय फुल? तर म्हणाली, याच्या आतली उजेड टिपणारी पट्टी जुन्या रिळातल्या एका चौकटीएवढी असते, लहान कॅमेऱ्यात ती कापून छोटी केलेली असते. घरातल्या कमी उजेडातही चेहरा छान येतो. मला फार बरं वाटलं बघ. इतकं सगळं बदललं, पण कुणीतरी ती जुनी चौकट मोजून तेवढीच ठेवली.

भाड्याने देण्याची त्यांची रीत बघण्यासारखी आहे. कॅमेरा चारी बाजूंनी फिरवून तिने त्याचे आधी फोटो काढले, भिंग उजेडात धरून मला दाखवलं. "हा ओरखडा आधीचा आहे, तुमच्या माथी नाही. हा कोपरा आधीच चेपलेला." मुलगी दाखवायच्या कार्यक्रमातसुद्धा एवढा खरेपणा नसतो. दोन बॅटऱ्या, चार्जर, कॅमेरा उभा करायची तिपाई. ओळखपत्राची प्रत आणि अनामत ठेवून घेतली. रविवारी संध्याकाळी परत द्यायचा.

"फोटोचं आणि व्हिडिओचं कसं बदलायचं ते दाखवू का?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "बाई, मी हाफ चड्डीत होतो तेव्हापासून कॅमेरा धरतोय."

आता शंका. बोलतं चित्र घेताना कॅमेऱ्यातला माइक पुरतो का? तुझा धंदा आवाजाचा, म्हणून विचारतो. दुसरं काही विचारत नाही.

बाबा


७ तारीख, शुक्रवार

भिंगरे,

तुझं उत्तर आलं. "कॅमेऱ्यातला माइक पुरत नाही. कॉलरला लावायचा वेगळा घ्या. पंखा बंद. फ्रिज बंद." आईबद्दल एक अक्षर नाही. मी दोनदा वाचलं, मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं. पण जिला बोलणं नको असतं ती फ्रिज बंद ठेवायला सांगेल कशाला, असं म्हणून मी स्वतःची समजूत काढली.

वेगळा माइक मी घेतला नाही. तो तिच्या कॉलरला लावायचा म्हणजे चोराने घरमालकाला शिडी धरायला सांगण्यासारखं. फ्रिज मात्र बंद केला.

तिचा आवाज आता सकाळी बरा असतो. दुपारनंतर बसतो, संध्याकाळी नुसती कुजबुज उरते. म्हणून काल सकाळीच स्वयंपाकघरातल्या टेबलाशी तिपाई लावली. ती मटार सोलत होती. खिडकीतला उजेड गालावर पडला होता.

"हलू नकोस," मी म्हटलं, "उजेड बघतोय."

"तुम्ही उजेड बघा, मी मटार बघते."

मी मोठं बटण दाबलं. कट् असा आवाज झाला. चालू झालं असं समजून मी खुर्ची ओढली आणि अगदी साळसूदपणे विचारलं, "का गं, पहिल्या दिवशी माइकवर काय बोलली होतीस?"

आणि ती बोलायला लागली, भिंगरे. इतक्या संसारात मला ही गोष्ट माहीत नव्हती. साहेबांनी तिच्या हातात कागद दिला होता, तोच वाचायचा. तिने काचेतून खाली पाहिलं तर एक बाई दोन पिशव्या आणि मूल सावरत उलट्या फलाटाकडे पळत होती. हिने कागद ठेवला आणि माइकवर म्हणाली, "अहो हिरव्या पिशवीवाल्या बाई, तुमची गाडी मागे आहे. पळू नका, मी थांबवते तिला." अख्खं स्थानक वळून बघायला लागलं. साहेब ओरडले, कागदावर हे नव्हतं! "मी म्हटलं, कागदाला बाई दिसत नव्हती."

त्या बाईची हाक सांगताना तिने तीच जुनी हाक मारली. बसलेला आवाज, पण हाकेत मधेच एक जागा रिकामी सोडायची तिची ढब आहे, ती जशीच्या तशी. गुरुजी वृत्त शिकवताना टेबलावर छडीने लघु-गुरू वाजवायचे आणि मधे थांबून म्हणायचे, "इथे श्वास." ते मला आत्ता कळलं म्हण.

ती भाजी टाकायला उठली तसा मी कॅमेरा उचलून पडद्यावर बघितलं. बोलतं चित्र नव्हतंच. एक फोटो होता. तुझी आई, तोंड उघडं, मटाराचा एक दाणा हवेत. कट् झालं होतं ते फोटोचं. वर एक खिट्टी असते, ती फोटोवरून व्हिडिओवर सरकवायची असते. हाफ चड्डीवाल्याने ती सरकवली नव्हती.

माझं तोंड बघून ती जवळ आली. "काय झालं? फोटो हलला का?"

मला खोटं बोलता येत नाही हे तुला ठाऊक आहेच. येतं, पण टिकत नाही. सगळं सांगून टाकलं. मला वाटलं आता वीज कोसळणार. ती हसायला लागली, हसता हसता खोकली, आणि पाणी पिऊन म्हणाली, "फसवायचं तर नीट तरी फसवायचं माणसाने."

"मग आता खरंखुरं सांगून काढू का? बोलशील?"

"कुणाशी बोलू? त्या डोळ्याशी?" कॅमेऱ्याकडे बोट. "समोर माणूस दिसल्याशिवाय मला बोलता येत नाही, माहितीय ना तुम्हाला?"

"मी बसतो की समोर."

"तुम्ही रडाल. रडणाऱ्याकडे बघत कसं बोलू?"

"मग कोण हवं?"

यावर ती भाजीत पळी फिरवत राहिली. नाव तिने घेतलं नाही. मी घेतो. तू.

मला ठाऊक आहे मी काय मागतो आहे. तुझ्या कंपनीने स्थानकासाठी पुकारणारं यंत्र बनवलं, आणि त्यात आईचाच आवाज हवा म्हणून तू तिथे सगळ्यांशी भांडलीस. तिला बंद खोलीत बसवून एकेक शब्द वाचायला लावला. आकडे वेगळे, गावं वेगळी, "येत आहे" वेगळं, "सुटत आहे" वेगळं. ती अर्ध्यातून उठून आली. भिंतीशी बोलायला मला जमत नाही, म्हणाली. तुझी सगळ्यांसमोर शोभा झाली, आणि घरी येऊन तू म्हणालीस, "तुझ्या आवाजाला काय सोनं लागलंय? लोक तुला नाही, बसला ऐकतात!" त्यानंतर तुमच्यात बोलणं झालेलं नाही. मी दोघींच्या मधे उभा राहून काय कमावलं, तर मान दोन्हीकडे वळवायचा व्यायाम.

कुणाचं बरोबर हे मी ठरवत नाही. पण ती समोरचा माणूस बघूनच बोलते, हे खरं आहे. आणि तू कॅमेऱ्यामागे असलीस तर ती बोलेल, हा माझा तर्क आहे. मी हे माझ्या मनाने लिहितो आहे, तिला न विचारता.

बाबा


९ तारीख, रविवार

भिंगरे,

"आईला विचारलंत का?" एवढंच तू लिहिलंस. रास्त आहे. म्हणून काल संध्याकाळी विचारलं.

आधी तुला पत्रं लिहिल्याचं कबूल करावं लागलं. ती घड्या घालत होती, थांबली. "पत्र? फोन नाही?"

"फोन नाही."

"शब्दांत फट शोधायची खोड तुम्हाला कवितांनी लावलीय." मग टॉवेलाची घडी घातली, ती मोडली, परत घातली. "काय म्हणाली?"

मी मोबाइल पुढे केला. तिने तुझा पहिला निरोप वाचला. पंखा बंद, फ्रिज बंद. बराच वेळ वाचत होती. एवढ्याशा मजकुरात इतकं काय होतं कोण जाणे.

"बरोबर आहे तिचं," म्हणाली. "फार गुरगुरतो तो फ्रिज."

"ये म्हणू का तिला?"

संध्याकाळ होती, आवाज जवळजवळ नव्हताच. मला कान तिच्या तोंडाशी न्यावा लागला. तिने जे सांगितलं ते शब्दाला शब्द लिहितो, कारण अर्थ लावण्यात चूक व्हायला नको: "नऊच्या गाडीने येऊ नकोस म्हणावं. ती वाटेत चहाला थांबते ती थांबतेच. सातची धर म्हणावं. आणि डावीकडे बस, उजवीकडे ऊन येतं."

याला हो म्हणतात असं मी धरून चाललो आहे. तूही धर.

आता कॅमेऱ्याचं. आज परत करायला गेलो आणि मुदत वाढवून मागितली. दुकानवाल्या बाईने यादी पाहिली. "मंगळवारी दुपारी दुसऱ्यांचं बुकिंग आहे आजोबा. ते बाहेरगावी घेऊन जाणार आहेत. मंगळवारी बारापर्यंत ठेवा, त्यापुढे माझ्या हातात नाही." मग विचारलं, "फोटो चांगले आले का?" मी मटाराच्या दाण्याचा फोटो दाखवला. तिने मोठा करून बघितला, म्हणाली, "हा तुम्ही मुद्दाम टिपलात?" मी हो म्हणून टाकलं. झाकली मूठ.

खिट्टी सरकवायला मात्र या वेळी शिकून आलो आहे. त्या बाईसमोर करून दाखवली. कॉलरचा माइकही घेतला.

तर हिशेब असा. सोमवारी सातची गाडी धरलीस तर संध्याकाळी पोचशील. तेव्हा तिचा आवाज नसेल, घाबरू नकोस आणि काही विचारू नकोस. मंगळवारची सकाळ आपली. बुधवारी तिला दवाखान्यात दाखल करायचं आहे. दुसरी सकाळ नाही.

तुझ्या खोलीत माझी पुस्तकं आहेत, ती खाटेवरून हलवतो.

बाबा


३० तारीख, रविवार

भिंगरे,

तू काल पोचल्याचं कळलं. तू इथे असताना रोज डोळ्यांसमोर होतीस, त्यामुळे काही सांगायचं राहिलं असं वाटलं नव्हतं. आज सकाळी मात्र एक गोष्ट घडली, ती तुला कळायलाच हवी. पण त्यासाठी त्या मंगळवारपासून सुरुवात करतो. तू तिथे होतीस हे खरं, पण तू कानाला डबे लावून पडद्याकडे बघत होतीस. तुम्हा दोघींना एकत्र बघणारा मी एकटाच होतो, दाराशी स्टुलावर, न रडण्याच्या अटीवर.

तू माइक तिच्या कॉलरला लावलास. आदल्या संध्याकाळपासून तुम्ही एकमेकींना "पाणी हवंय?" आणि "नको" यापलीकडे बोलला नव्हतात. माइक लावताना तुझे हात तिच्या गळ्याशी होते आणि ती छताकडे बघत होती.

"पातळी बघायचीय," तू म्हणालीस. "काहीतरी बोल."

"काहीतरी मी बोलत नसते."

"मग आकडे म्हण."

मी डोळेच मिटले. आकडे! सगळ्या जगात दुसरं काही सापडलं नाही तुला? तिने तुझ्याकडे रोखून पाहिलं. "आकडे मी एकदा म्हटलेत. तुमच्याकडे असतील कुठेतरी."

"नाहीयेत. पुसून टाकले त्यांनी."

"बरं झालं."

"मला नाही बरं वाटलं."

 तो फ्रिज बंद होता म्हणून इतकी शांतता, की भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू यायला लागली. तू उठून घड्याळ काढून बाहेरच्या खोलीत ठेवून आलीस. परत आलीस तेव्हा ती बोलली, आपणहून.

"तू म्हणाली होतीस, लोक बसला ऐकतात."

"म्हणाले होते."

"खरं होतं ते. बसच ऐकायला हवी त्यांनी. मला ऐकत बसले असते तर गाडी चुकली असती." माझ्याकडे मान वळवून, "एकाची चुकली, ते बसलेत तिथे." मग परत तुझ्याकडे. "खरं होतं. पण तू म्हणायला नको होतंस."

"हो," तू म्हणालीस. "नको होतं."

"आणि मी उठून यायला नको होतं. तुझी माणसं होती तिथे."

"हो. नको होतं."

"एवढ्या पटकन 'हो' म्हणायची गरज नाही."

त्यावर तू हसलीस, आणि मग ती जी सुरू झाली ती आवाज बसेपर्यंत. हिरव्या पिशवीवाली बाई पुन्हा झाली. काल-परवाची असल्यासारखी. तू मधे मधे विचारत होतीस. साहेबाचं पुढे काय झालं, धुक्यात गाडी दिसायची नाही तेव्हा काय करायचीस, रात्रपाळीला झोप आली तर. मी शाळेत इतकी वर्षं कविता पाठ केल्या, पण एक कडवं एकाने म्हणायचं आणि दुसरं दुसऱ्याने, हा प्रकार मला फारसा आवडायचा नाही. लय तुटते असं वाटायचं. त्या सकाळी मत बदललं. साडेअकराला तिने हात वर केला, पुरे झालं म्हणून. तू कॅमेरा बंद केलास. मी तो पिशवीत घालून बाराच्या आत दुकानात नेला, तिथे ते बाहेरगावी जाणारे लोक आधीच येऊन बसले होते. कार्ड काढून घेतलंत का, म्हणून तुझा वाटेत फोन आला ते बरं झालं, कारण घेतलं नव्हतं.

पुढचं सगळं तू पाहिलं आहेस. ऑपरेशन, ती नळी, पहिले काही दिवस तिने डोळे उघडून फक्त छत बघणं. डॉक्टर समाधानी आहेत. घरी आल्यापासून ती पाटीवर लिहिते. अक्षर पूर्वीसारखंच टपोरं, फक्त आता वाक्यं फार छोटी. "मीठ कमी." "खिडकी." "तुमचा शर्ट उलटा आहे."

तू जाताना त्या मंगळवारची फीत टॅबमध्ये घालून दिलीस, कानाला लावायचे डबेही ठेवून गेलीस. माझी कल्पना अशी की तिला वाटेल तेव्हा तिने स्वतःचा आवाज ऐकावा. काल दिवसभर तिने टॅबला हात लावला नाही. मी मनात म्हटलं, दुखत असेल, गेलेली गोष्ट कुणाला परत परत बघवते. मी तरी अजून ऐकलेली नाही, धीर होत नाही.

आज सकाळी चहा घेऊन गेलो तर ती खाटेवर टेकून बसलेली. डबे कानावर, टॅब मांडीवर पालथा. पडदा खाली.  बोट टॅबच्या कडेवर. थोडं ऐकायची, मग टॅब उचलून पडद्यावर बोट सरकवायची, परत पालथा घालायची. ऐकायची, सरकवायची. मला वाटलं यंत्र अडकलं. जवळ गेलो तर दचकली नाही, एक डबा काढून माझ्या कानाला लावला.

तुझा आवाज होता. "मग साहेब काय म्हणाले?" लगेच तिने बोट सरकवलं. तिचं उत्तर पुढे गेलं. "आणि धुकं असलं तर?" पुन्हा सरकवलं. "थांब, पाणी पी जरा. घाई नाहीये." हे तिने मला दोनदा ऐकवलं. माझ्या आठवणीतही नव्हतं की तू असं म्हणाली होतीस.

मी म्हटलं, "अगं, तुझा आवाज पुढे ढकलतेयस तू."

तिने पाटी घेतली. "तो मला पाठ आहे."

चहा गार होईपर्यंत मी तिथेच बसलो. कॅमेरा मी तिच्यासाठी आणला होता, भिंगरे. उजेड तिच्यावर, माइक तिला, चौकटीत ती. तू कुठेच दिसत नाहीस, एकदा नुसतं मनगट येऊन जातं. तुझा आवाज लांबून येतो, थोडा पोकळ, तुझ्या भाषेत सांगायचं तर पातळी कमी. तेवढा ती ऐकते. इतक्या वर्षांचं ऐकायचं राहिलेलं आहे, आणि तिच्या हातात तुझी मोजून पंधरा-वीस वाक्यं आहेत.

मग मी विचारलं, "तिला फोन करायला सांगू का?"

तिने मान हलवली. नाही म्हणून नाही, मी मूर्खासारखं विचारलं म्हणून.

"फोनवर तू करणार काय?"

पाटीवर: "ऐकणार."

मग आम्ही एक पद्धत बसवली, ती नीट वाचून घे. ती मोबाइलवर नखाने टिचकी मारेल. एक टिचकी म्हणजे हो. दोन म्हणजे नाही. सलग वाजायला लागल्या तर समज की तुझं काहीतरी चुकतंय आणि ती पाटी शोधते आहे, तेव्हा मी येऊन वाचून दाखवेपर्यंत थांब. बाकी सगळं बोलायचं काम तुझं. काय जेवलीस, कंपनीत कोण छळतं, खोलीत डास आहेत का, काहीही चालेल. ती "काहीतरी" बोलत नसे, पण ऐकायला तिची ना नाही.

आणि एक निरोप आहे, पाटी पुसायच्या आत उतरवून घेतो. "भरभर बोलतेस. वाक्याचा शेवटचा शब्द गिळतेस. तो नीट म्हण, मागच्या माणसाला तोच ऐकायचा असतो." त्याच्याखाली रेघ मारली आहे.

उद्या सकाळी फोन कर. मोबाइल तिने आत्ताच उशाशी घेतला आहे आणि मला सांगितलंय, पाटीवर, मोठ्या अक्षरांत, की फ्रिज बंद करा.

बाबा